डाव्या स्टीअरिंगची जीप

आमच्या जीपच्या मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं लिहिलेलं होतं. रंग उडाला की बाबा ती अक्षरं स्वतः पुन्हा गिरवत. स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे चालवणारा डावीकडे, आणि आपल्याकडे गाड्याही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात. त्यामुळे पुढे लॉरी असली की चालवणाऱ्याला लॉरीच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते दिसतं उजव्या सीटवर बसलेल्याला. त्याने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. आमच्या घरात यासाठी दोनच शब्द ठरलेले होते, ‘घे’ आणि ‘थांब’. तिसरा शब्द चालत नसे. तेरा वर्षांची असताना मी एकदा ‘बहुतेक जाईल’ म्हणाले, तर बाबांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली, मला खाली उतरवलं आणि विचारलं, “बहुतेक म्हणजे किती?”

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. माझ्या लहानपणी त्यांची बदली कर्नूल जिल्ह्यात एका धरणाच्या कामावर झाली आणि आम्ही हैदराबादेतलं काचीगुड्याचं घर बंद करून तिकडे कॅम्पच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. ही जीप त्या कॅम्पची. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा बाबांनी लिलावात घेतली. रिटायर झाल्यावर त्यांनी झहीराबादच्या पुढे अडीच एकर जमीन घेतली, आंबा लावला, तूर लावली आणि दर रविवारी जीप घेऊन शेतावर जायचा नेम धरला. शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीचे. आमची छोटी कार तिथे पहिल्या पावसानंतर दिवाळीपर्यंत जात नाही.

जीपचं हे कौतुक मला फारसं नव्हतं. आवाज मोठा, धूळ आत, पाठीची वाट. पण आई गेल्यावर घरात बाबा आणि मी दोघंच उरलो, आणि रविवारी त्यांना एकटं पाठवायचं नाही एवढं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून मी उजव्या सीटवर.

ज्या वर्षी राज्याचे दोन तुकडे झाले, त्या वर्षी बाबा अठ्ठ्याहत्तरचे होते. उन्हाळ्यातल्या एका रविवारी परतताना संगारेड्डीच्या अलीकडे पुढे दगडांचा ट्रॅक्टर होता. मी बाहेर बघितलं, समोरून बस येत होती. मी “थांब” म्हटलं. बाबांनी जीप बाहेर काढलेलीच होती. ते ती परत आत घ्यायला लागले, पण त्या स्टीअरिंगला जोर लागतो, सगळं अंग टाकावं लागतं, आणि तेवढा जोर त्यांच्या हातांत राहिलेला नव्हता. बसवाल्यानेच बस मातीत उतरवली. आमचा मागचा कोपरा मोरीच्या कठड्याला घासला.

घरी पोचल्यावर गेटपाशी बाबा म्हणाले, “तू उशिरा सांगितलंस.”

मी उशिरा सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बॅटरीची तार काढून ठेवली. दोन मिनिटांत त्यांनी ती लावली आणि मला हाक मारून दाखवली, “सैल झाली होती बघ.” मी किल्ली लपवली, तर त्यांच्याकडे दुसरी निघाली. ती पितळी बिल्ल्यात अडकवलेली, कॅम्पच्या दिवसांपासूनची. मग मी सरळच म्हटलं, “बाबा, आता तुम्ही ही चालवायची नाही.”

“मग शेतावर कोण नेणार?”

“मी.”

“तू?” त्यांनी माझ्या डाव्या खांद्याकडे बघितलं. “एकदा शेतावर जाऊन ये, स्वतः चालवत. कुणी स्टीअरिंगला हात लावायचा नाही. त्या दिवशी किल्ली तुझी. पुन्हा मागणार नाही.”

त्यांना माहीत होतं मला ते जमणार नाही. माझा डावा खांदा वर्षभर आखडलेला होता. डॉक्टर व्यायाम सांगत, मी करत होते, आणि हात कानाच्या वर जात नव्हता. डाव्या स्टीअरिंगच्या जीपमध्ये गिअर उजव्या हाताला असतो, म्हणजे गिअर बदलताना सगळं चाक एकट्या डाव्या हातावर. मी गल्लीत एकदा प्रयत्न केला. पहिल्याच वळणावर माझ्या तोंडून शिवी निघाली आणि शेजारच्या बाई गॅलरीत आल्या.

हे सगळं सावकाश करता आलं असतं. पण माझ्याकडे वेळ नव्हता.

आमचं सरकारी ऑफिस आबिड्सला. त्या दिवसांत तिथे काम कमी आणि याद्या जास्त. राज्य वाटलं होतं, आता कर्मचारी वाटायचे होते. कोण या राज्यात, कोण त्या राज्यात. मी अर्थात तेलंगणा लिहून दिलं होतं. माझे आजोबा निजामाच्या काळात इथल्या कचेरीत होते, माझा जन्म काचीगुड्यातला. मला चिंता करायचं कारण नव्हतं. नंतर नियम आला की आधी शाळा बघायची. दहावीच्या मागची सलग वर्षं ज्या भागात शिकलात, तुम्ही तिथले स्थानिक. मी सातवी ते दहावी कर्नूल जिल्ह्यात शिकले होते, धरणाच्या कॅम्पवर, पत्र्याच्या शाळेत.

तात्पुरती यादी लागली त्या दिवशी माझं नाव आंध्राच्या बाजूला होतं. पलीकडच्या टेबलावरचे कर्नूलचे सहकारी हात पसरून माझ्याकडे आले. “मेडम! मीरु मा वाळ्ळे!” म्हणजे तुम्ही आमच्याच. त्यांनी मला पुतरेकू, तिकडची तांदळाच्या पापुद्र्यांची मिठाई, खायला दिलं. मी खाल्लं, चांगलं होतं, आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला.

“तेव्हा एकच राज्य होतं,” ते म्हणाले. “मला काय माहीत मधून रेघ जाईल.”

आमच्या घराला रेघा नव्या नव्हत्या. पहिल्या पुनर्रचनेत मराठवाडा निघून गेला तेव्हा बाबांचे थोरले भाऊ औरंगाबादला गेले आणि आजोबा इथेच राहिले. ताटं वाटून घेतली होती म्हणे, सहा इकडे, सहा तिकडे. पण ती गोष्ट मी जेवताना ऐकलेली. या वेळी माझं नाव कागदावर होतं. अंतिम यादी कधी लागेल कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे महिन्यात, कुणी म्हणे वर्ष जाईल. आणि मला तिकडे जावं लागलं तर बाबा इथे एकटे, जीप दारात, रविवार दर आठवड्याला येणारच. संगारेड्डीची ती बस मला रोज ऑफिसच्या जिन्यात दिसायची.

म्हणून मी उस्तादांकडे गेले.

उस्ताद म्हणजे जीपचे मेकॅनिक. त्यांचं गॅरेज बेगम बाजारच्या मागे, मसाल्याच्या गोदामांच्या रांगेत. तिथे डिझेल आणि मिरची यांचा मिळून एक वास येतो, दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी. बाबांची आणि त्यांची ओळख जीपइतकीच जुनी. मी त्यांना सांगितलं, या जीपला पॉवर स्टीअरिंग बसवायचं.

त्यांनी आधी चहा मागवला. “मॅडम, ये गाडी कू पावर स्टेरिंग लगाना बोले तो बुड्ढे घोडे कू चष्मा लगाना.”

“लगता क्या नहीं लगता, वो बोलो.”

“लगता ना. कैकू नै लगता.” त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर बेल्टने चालणारा तेलाचा पंप. तेलाची बाटली. दोन पाइप. आणि नव्या गाडीचा स्टीअरिंग बॉक्स, कारण जुन्यात तेलाचा जोर घेणारी व्यवस्थाच नाही. चाक फिरवायचं आपणच, जोर तेल लावणार. “लेकिन स्टेरिंग रैट में लेलो. सब बॉक्स रैट का मिलता. एक हफ्ते का काम.”

मला डावं-उजवं काही नव्हतं. खरं तर उजवं झालं असतं तर बरंच, दुसऱ्याच्या ‘घे-थांब’वर अवलंबून राहायला नको. पण बाबांना कळल्यावर ते म्हणाले, “स्टीअरिंग उजवीकडे नेलं तर ती जीप राहत नाही. मग विका. आणि विकली तर मी शेतावर बसने जाईन आणि शेवटचे तीन किलोमीटर चालत.”

ते गेले असते. म्हणून डावीकडेच.

पॉवर स्टीअरिंगला त्यांचा विरोध होता. “स्टीअरिंगने हाताला रस्ता कळवला पाहिजे. तेलातून काय कळणार?” असं रोज जेवताना. पण जीप गॅरेजमध्ये गेली आणि तिसऱ्या दिवशी ते सकाळीच चप्पल घालून तयार. “उस्ताद बॉक्स कुठे बसवतोय बघून येतो. नाही तर कुठेही वेल्डिंग मारेल.” त्यानंतर ते रोज गेले. ग्राफ पेपर, पट्टी, टोकदार पेन्सिल. संध्याकाळी मी ऑफिसातून तिकडे जाई तेव्हा दोघं मिरचीच्या पोत्यांवर बसलेले असत आणि मधे बाबांचं ड्रॉइंग पसरलेलं असे, चार बाजूंना चार नट ठेवून.

डावीकडे बसवायला त्यांनी उजव्या गाडीचा बॉक्सच घेतला होता. बाबांनी त्याची जागा, कोन, खालच्या दांड्याची लांबी, सगळं काढून दिलं. उस्ताद ड्रॉइंगकडे डोकं तिरकं करून बघत.

“क्या हुआ?” मी एकदा विचारलं.

“कुच नै. साब का नक्शा है.”

महिना संपत आला. माझ्या हरकतीवर उत्तर नव्हतं. ऑफिसात प्लायवूडची भिंत घालायला सुरुवात झाली होती, एका बाजूला एक राज्य, दुसऱ्या बाजूला दुसरं, पाण्याचा कूलर कुठल्या बाजूला यावर अर्धा दिवस चर्चा. मी उस्तादांना विचारलं की ते म्हणत ‘परसों’, आणि हैदराबादेत परसों म्हणजे कालपासून पुढच्या सणापर्यंत कुठलाही दिवस. मला झोप लागेना. खांद्याचे व्यायाम मी दिवसातून तीनदा करू लागले, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, पेन्सिलने खूण करायची. खूण जिथल्या तिथे.

शेवटी एका शनिवारी सगळं बसलं. पुढची चाकं जॅकवर उचललेली. बाबा डाव्या सीटवर. उस्तादांनी इंजिन चालू केलं, बाटलीतलं तेल बघितलं, पंपाचा घुंऽ असा आवाज आला. “हौ साब, फिराओ.”

बाबांनी चाक डावीकडे फिरवलं. अगदी बोटांनी, हलकं. पुढची चाकं झर्रकन वळली.

उजवीकडे.

बाबांनी उजवीकडे फिरवलं. चाकं डावीकडे.

उस्ताद म्हणाले, “साब, उल्टा बैठ के चलाए तो बरोबर आरा.”

बाबा हसले. उस्तादही हसले, शेजारचा मसालेवाला येऊन हसला. मी हसले नाही. उजव्या गाडीचा बॉक्स डाव्या बाजूला आरशातल्यासारखा उलटा करून बसवला की दांडाही उलट्या दिशेला ढकलतो, हे नंतर उस्तादांनी मला नट-बोल्ट मांडून समजावलं, मला दोन मिनिटांत कळलं. मला, जिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

“आप कू मालूम था?”

ते हात पुसत राहिले. “शक था. लेकिन साब जिंदगी भर नक्शे निकाले. मैं कैसा बोलता?”

घरी जाताना ऑटोमध्ये मी बाबांना विचारलं. रागातच विचारलं. “मुद्दाम केलंत?”

“काय मुद्दाम?”

“ड्रॉइंग. काम लांबावं म्हणून. यादी लागेपर्यंत किल्ली तुमच्याकडे राहावी म्हणून.”

ऑटो सुलतान बाजारच्या गर्दीत अडकला होता. बाबांनी पिशवीतून तो ग्राफ पेपर काढला, गुडघ्यावर पसरला, आणि बोटाने दांड्याची रेघ गिरवत गेले. पुन्हा एकदा. मग घडी घातली.

“नाही,” ते म्हणाले. “मला कळलंच नाही.”

त्यांनी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते. हा माणूस धरणाच्या दरवाजांची ड्रॉइंगं रात्रभर तपासून सकाळी दुसऱ्याच्या चुका लाल पेन्सिलीने काढायचा. आता त्यांच्याशी भांडता येईना, म्हणून मी ऑटोवाल्याला रस्ता बदलायला सांगितलं आणि त्याच्याशी भांडले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गॅरेजला गेले नाहीत. ग्राफ पेपर कपाटात गेला.

आता सगळं माझ्यावर आलं. डाव्या बाजूचा बॉक्स मिळत नाही असं उस्ताद म्हणत होते. मी पंपाचं ब्रॅकेट बनवून देणाऱ्या कुकटपल्लीच्या लेथवाल्याकडे गेले, कारण त्याच्याकडे परदेशी जाणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग यायचे, असं कुणीतरी म्हणालं होतं. शेडमध्ये उभं राहून मी त्याला माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं, डावीकडचा, डावीकडचा, आणि डावा हात वर करून दाखवला. हात कानापर्यंत गेला आणि अडकला. तो म्हणाला, “अम्मा, चेय्यि दिंचंडी,” हात खाली घ्या, आणि आत जाऊन लाकडी खोक्यातून एक बॉक्स काढून आणला. धुळीने भरलेला, पण नवा. परदेशात डाव्या स्टीअरिंगच्या गाड्या पाठवतात त्यातला उरलेला. मी तो मांडीवर घेऊन बसने बेगम बाजारला आले. साडीला ग्रीस लागलं ते अजून आहे.

या वेळी ड्रॉइंग नव्हतं. उस्तादांनी बॉक्स हातात धरून, चाक फिरवून, दांडा कुठे जातो ते आधी बघितलं, मगच वेल्डिंग. नऊ दिवसांत जीप घरी आली.

मी बाबांना म्हटलं, रविवारी मी नेणार, तुम्ही ठरवलंय तसं. ते हो म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ते जीपमध्ये बसलेले होते, इंजिन चालू.

“गेटमधून आत-बाहेर करून बघतो. माझी जीप आहे, मला बघू तरी दे.”

आमच्या गेटमधून जीप काढायची तर सरळ येऊन एकदम डावीकडे पूर्ण वळवावी लागते. चाळीस वर्षांत ते वळण त्यांच्या खांद्यात, कमरेत, पायाच्या अंगठ्यात बसलेलं होतं. चाक दोन्ही हातांनी धरायचं आणि सगळं अंग टाकून ओढायचं. त्यांनी तसंच ओढलं.

पण आता चाकाला जोर लागत नव्हता. जीप भर्रकन डावीकडे फिरली आणि गेटच्या खांबावर गेली. खांब मधोमध फुटला. गेटचं एक दार बिजागरीवर लोंबकळत राहिलं. शेजारच्या बाई पुन्हा गॅलरीत.

मी धावले. बाबांना काही झालं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं. हात चाकावरून काढले आणि मांडीवर ठेवले, आणि त्या हातांकडे बघत बसले.

“ही माझं ऐकत नाही,” ते म्हणाले. मग खाली उतरले, फुटलेल्या खांबाच्या विटा पायाने बाजूला केल्या आणि घरात गेले. किल्ली जीपमध्येच होती. पितळी बिल्ला खाली लोंबकळत.

मला हवं होतं ते मिळालं. मी परीक्षा दिलीच नव्हती, तरी मिळालं. ते अशा तऱ्हेने मिळेल हा विचार मी एकदाही केला नव्हता. दोन महिने मी फक्त माझ्या खांद्याचा विचार केला. जीप मला हलकी केली की ती त्यांना परकी होईल, एवढी साधी गोष्ट. उस्तादांनी घोड्याचा चष्मा म्हटलं तेव्हाही मी ‘लगता क्या नहीं लगता’ एवढंच विचारलं होतं.

शनिवारी ते जेवायला आले, गेले. रविवारी सकाळी मी डबा भरला, थर्मास भरला आणि त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

“चला.”

“तू जा. तुला येतं आता.”

“येत नाही. मला पुढचं दिसत नाही. उजवीकडे कुणीतरी लागतं.”

“गड्याला बसव.”

“गडी शेतावर आहे, बाबा. आणि तो ‘बहुतेक’ म्हणतो.”

ते उठले. चप्पल शोधायला त्यांना वेळ लागला.

मी जीप काढली. डाव्या हाताने, एका हाताने, फुटलेल्या खांबाला वळसा घालून. खांदा दुखला नाही. कुकटपल्लीपर्यंत गर्दी, मग पटणचेरू, संगारेड्डी, तोवर बाबा समोर बघत बसलेले. संगारेड्डीनंतर रस्ता दोन पदरी आणि पुढे उसाची लॉरी. दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मला रस्ता म्हणून काही दिसेना.

“जाऊ?” मी विचारलं.

उत्तर नाही.

“बाबा, जाऊ का?”

ते बाहेर बघत होते. मान काढून नीट बघत होते, तेवढं मला दिसत होतं. फक्त सांगत नव्हते. सांगायचं नव्हतं त्यांना. एक किलोमीटर गेलं, तीन गेले. मला घाम आला. मी हॉर्न वाजवला, उगाच. सदाशिवपेठ मागे पडलं. मला वाटलं हे असंच झहीराबादपर्यंत, आणि मी तोंड उघडून काहीतरी वाईट बोलणार, एवढ्यात ते म्हणाले,

“घे.”

मी घेतली. जीप सुळकन बाहेर पडली, लॉरी मागे राहिली, समोर मोकळा रस्ता. ते मान आत घेऊन बसले.

“जास्त वळवतेस,” ते म्हणाले. “थोडंच पुरतं हिला.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. अंतिम यादीत माझं नाव तिकडेच राहिलं. काही दिवस मी त्याच इमारतीत, प्लायवूडच्या दुसऱ्या बाजूला बसले, मग विजयवाड्याला जावं लागलं. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने हैदराबाद, रविवारी शेत, रात्रीच्या गाडीने परत. ती गाडी माझ्यासारख्यांनीच भरलेली असे. जीपची किल्ली माझ्या पर्समध्ये विजयवाड्याला जाऊन यायची. बाबांनी ती कधी मागितली नाही, आणि मीही कधी विसरून ठेवली नाही.

पण तो पहिला रविवार. परत निघालो तेव्हा चार वाजले होते. बाबांनी दिवसभर आंब्याची आळी केली होती, ऐकलं नाही. झहीराबाद सोडलं आणि पुन्हा पुढे उसाची लॉरी, सकाळचीच वाटावी इतकी तशीच.

“जाऊ?”

उत्तर नाही. मी या वेळी चिडून बघितलं. त्यांची मान छातीवर आली होती. झोपले होते. चालत्या जीपमध्ये त्यांना झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. चालवत असताना ते झोपणं शक्य नव्हतं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ते जीप देत नसत.

कोपराने ढोसलं असतं तर उठले असते. मी लॉरीच्या मागे राहिले. ताशी वीस, कधी पंधरा. चढावर लॉरी जवळजवळ उभीच राहायची. उसाची कांडकी रस्त्यावर पडत होती, मी त्यांवरून जात होते, पाय क्लचवर नुसता वळवळत होता. हे माझ्या स्वभावात नाही. मागे गाड्यांची रांग लागली. एकाने हॉर्न धरूनच ठेवला.

वाजव म्हटलं, वाजव.